घडीत गेलेलं पिल्लू

अकरा मार्चला लेखिकाबाईंच्या खात्यात सहा हजार तीनशे पंच्याहत्तर रुपये जमा झाले. बदकांच्या पुस्तकाचे हे अर्धे मानधन. उरलेले अर्धे पुस्तक छापून आल्यावर. नवऱ्याने विचारले, "शब्द किती आहेत गं?"

"तीनशे दहा."

"म्हणजे दोन्ही अर्धी धरून शब्दाला एक्केचाळीस रुपये पडले. मग चार शब्द जास्त लिहायला काय झालं होतं?"

"जास्तच होते. नऊशे. सहाशे काढायला तीन महिने लागले."

बाई तीस वर्षे मुलांसाठी लिहीत होत्या. स्वयंपाक आटोपला की एका कागदाच्या घड्या घालून त्या सोळा पानांचे चिमुकले पुस्तक करत आणि गोष्ट त्यातच लिहीत. ही गोष्ट साधी होती. बदकीण सात पिल्लांना घेऊन तळ्यावर निघते. सातवे रेंगाळत मागे राहते. ते पोहोचेपर्यंत आई पाण्यात उतरत नाही.

चित्रे धाकट्या दिराची. एरवी तो दुकानांच्या पाट्या रंगवत असे.

बांधलेला नमुना आला तेव्हा बाईंनी तो प्रकाशकांच्या टेबलावरच उघडला. शेवटच्या दोन पानांवर मिळून एकच मोठे चित्र होते. तळ्याकाठी आई उभी आणि पिल्ले सहा. सातवे नेमके मधल्या घडीत शिवले गेले होते. बाहेर फक्त शेपटीचे टोक.

"सहा करून टाका ना, बाई," प्रकाशक म्हणाले. "शब्द बदलायला खर्च नाही."

"गोष्ट सातव्याची आहे."

"मग सहाव्याची करा."

"सहावं वेळेवर पोहोचतं."

प्रकाशकांनी चष्मा काढून पुसला. "चित्र बदलायचं तर उद्या दुपारपर्यंत आणा. छपाईच्या नव्या प्लेटचा खर्च तुमच्या मानधनातून जाईल. नाहीतर मी सहा छापतो."

बाई घरी आल्या त्या चप्पल न काढताच दिराच्या खोलीत गेल्या.

"वहिनी, मी सातच काढलीत. मोजून घ्या." त्याने मूळ कागद पसरला. सात होती.

"कागदावर सात. पुस्तकात सहा."

"मग पुस्तक नीट सपाट उघडायचं."

"शिवलेलं आहे ते. भिंतीवर ठोकायची पाटी नव्हे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," नवरा दारातून म्हणाला.

"दादा, तू तुझे शब्द मोज." दीर फुगून बसला. "एवढंसं पिल्लू, वहिनी. कोणाला कळणार आहे?"

"मूल बोट ठेवून मोजतं. शेवटच्या पानावर सातवं सापडलं नाही, तर आई कोणासाठी थांबली होती? ज्या मुलाला चालायला वेळ लागतो, त्याला काय सांगू मी?"

दिराने मूळ कागद गुंडाळून ठेवला. उद्या सकाळी औषधाच्या दुकानाची पाटी द्यायची होती. ती आता लांबणार, म्हणून त्याने चारशे रुपये मागितले. बाईंनी डब्यातून अडीचशे काढून दिले. "बाकीचे नंतर."

"घरचाच आहे म्हणून उधारी," तो पुटपुटला आणि नवा कागद घेतला.

बाईंनी आधी त्याच्या मधोमध घडी घातली. घडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे जागा सोडायला लावली. सातवे उजवीकडे सरकवले, तर ते आईच्या पायांत येऊ लागले. मग आई सरकली, आईमुळे झाड सरकले, आणि एक कमळ घडीत गेले.

"ते जाऊ दे," बाई म्हणाल्या. "कमळं मोजा, असं मी कुठे लिहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्र दुपारच्या आत पोहोचवले. प्रकाशक पाहून म्हणाले, "आधीच्यापेक्षा आई जरा जाड झाली."

"वाट बघून झाली असेल."

पुस्तक एप्रिलअखेर आले. बाईंनी शेवटची दोन पाने उघडली आणि बोट ठेवून मोजले. सात भरली. सातव्याचा एक पाय अजून हवेत होता. आई पाण्याकडे पाठ करून उभी होती.

उरलेले मानधन प्लेटचा खर्च वळता करून जमा झाले. दिराचे दीडशे रुपये द्यायचे अजून राहिले आहेत.