रिकाम्या जागेची चिठ्ठी

रुक्मिणबाईवर अन्याय झाला तो गुरुवारी सकाळी पावणेअकराला, तुळजापुरात, आणि तो मी केला. गोदामाच्या मालकानं केलेल्या अन्यायावर मी चार पत्रकं काढली आहेत. माझ्या अन्यायावर हे पहिलं. "पहिल्याच ओळीत लिही, लपवू नको," असं मला बजावणाऱ्या कुंदाकाकू जाऊन आता पाच आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी उमरग्याच्या बसस्टँडवर पत्रकं वाटत होते. दुपारी चहा टाकायला उठल्या, भिंतीला टेकल्या, संपलं... हातातली पत्रकं मी वाटून संपवली आणि मगच गाडीत बसले. छापलेला कागद घरी परत आणलेला काकूंना खपायचा नाही.

काकूंची उभी हयात कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराची पुढची खोली आमच्या कामगार बायांच्या संघटनेला दिली. त्या खोलीत एका जुन्या कॉम्प्युटरवर आमची वेबसाइट चालते. दुसऱ्याच्या जागेत ठेवलेलं दुसऱ्याच्या मर्जीनं राहतं, म्हणून सगळं आमच्याच छपराखाली. दालमिलमध्ये, गोदामांत राबणाऱ्या बाया अपघातांचे, हजेरीकार्डांचे फोटो तिथं चढवतात. "इथं ठेवलेला पुरावा कुणाचा बाप गायब करू शकत नाही," हे पत्रकावरचं वाक्य माझं. काकूंनी ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "कुणाचा बाप न्हाय, ठीक. पण ठेवतेस कुठं, सुमे?" मी म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये. "ह्ये म्हणजे 'कचेरीत' म्हणल्यासारखं झालं. कुठली खोली? कुठलं रॅक?" मी हसले आणि विषय सोडून दिला... तो सोडायला नको होता.

उमरग्याजवळच्या हायवेवरच्या एका गोदामात, पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं आटोपल्यावर पोत्यांची थप्पी कोसळली आणि रुक्मिणबाईचा पाय तिच्याखाली मोडला. मालक म्हणतो, ही बाई आमच्याकडं कामालाच नव्हती, बाहेर रस्त्यावर पडली. तिच्या जोडीदारणीनं फोटो काढला होता. पोत्यांखाली पाय, मागं गोदामाचा वजनकाटा, सगळं स्वच्छ. तिनं तो आमच्या वेबसाइटवर चढवला आणि मुकादम मोबाईल तपासायला लागला म्हणून स्वतःच्या मोबाईलमधून पुसला. आमच्या भरवशावर पुसला.

आणि त्या गुरुवारी मी वेबसाइटचा नवा प्रोग्रॅम बसवला. जुना फोल्डर काढायचा, नवा ठेवायचा, एवढंच काम. लोकांनी चढवलेला प्रत्येक फोटो त्याच जुन्या फोल्डरच्या पोटात जाऊन पडत होता, हे मी कधी उघडून बघितलंच नव्हतं. नोंदी वेगळीकडं होत्या, त्या शाबूत राहिल्या. रुक्मिणबाईचं नाव होतं, गाव होतं, दिवस होता आणि फोटोच्या जागी रिकामी चौकट. सोलापूरला दुरुस्तीवाल्यांकडं डिस्क नेऊन दाखवली. त्यावर नवं लिहिलं गेलंय, आता निघणार नाही, असं सांगून त्यांनी परत दिली. बाकीच्या बायांनी आपापले फोटो पुन्हा पाठवले. रुक्मिणबाईचा एकच होता.

मी म्हटलं, नोंदच काढून टाकू, नाहीतर मालकाचा वकील दात काढील. काकू माझ्यावर ओरडल्या त्या तेवढ्या एकदाच. "ह्ये तर त्ये करतात! मग तुझ्यात आन् त्यांच्यात फरक काय गं?" रेकॉर्ड रूममध्ये एखादी फाइल बाहेर गेली की तिच्या जागी रॅकवर चिठ्ठी लावायची रीत असते. कुठली फाइल, कुणी नेली, कधी. "रिकामी जागा मुकी ठेवायची न्हाय. मुकी ठेवली की लोक म्हणतात, इथं काही नव्हतंच." मग त्या चौकटीत आम्ही लिहिलं: इथं रुक्मिणबाईच्या अपघाताचा फोटो होता, तो आमच्या हातून गेला. खाली माझं नाव. दुसऱ्या दिवशी मला घेऊन काकू रुक्मिणबाईच्या दारात गेल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मालक म्हणला म्या तिथं नव्हते. आता तुमी बी म्हणा..." काकूंनी चिठ्ठीचं सांगितलं तेव्हा तिनं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "फोटू घावंस्तवर ती काढू नगा, बाई."

त्यानंतर काकूंनी मला सोडलं नाही. वेगळी डिस्क आणली, आणि चढवलेलं सगळं प्रोग्रॅमच्या बाहेर, त्या डिस्कवर ठेवायचं, असं मला सेटिंगमध्ये लिहायला लावलं. पहिल्या दिवशी एकही फोटो चढेना. त्या डिस्कवर लिहायची परवानगीच प्रोग्रॅमला दिलेली नव्हती. "खोली बांधलीस, कुलूप घातलंस, आन् शिपायाला किल्लीच दिली न्हाईस!" परवानगी दिली. काकूंनी आपल्या चहाच्या काळ्या बुडाच्या पातेल्याचा फोटो चढवला. मी म्हटलं, झालं. "झालं कुठं? आता मोड." काय मोडू? "तुझी वेबसाइट. गुरुवारी केलंस तस्संच कर." सगळं काढलं, पुन्हा बसवलं, उघडलं... पातेलं जागच्या जागी. तेव्हापासून दर शनिवारी डिस्कची दुसरी प्रत लाल फडक्यात बांधून काकू तामलवाडीला बहिणीकडं पोचवायच्या. आता मी पोचवते.

काकू गेल्या म्हणून ही चौकट बंद होईल असं मालकाला वाटत असेल, तर त्यानं वेबसाइट उघडून बघावी. चिठ्ठी तिथंच आहे, माझं नाव तिथंच आहे, आणि पातेलंही. रुक्मिणबाईची सुनावणी तोंडावर आली आहे. त्या दुपारी गोदामात हमाल होते, ट्रकवाले होते, पोती उपसायच्या आधी कितीतरी जणांनी मोबाईल वर धरले होते, हे तिनं खालून बघितलंय. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असाल तर पोळ्याच्या आदल्या दिवशीचे फोटो आज उघडा. मुकादमाला भ्यालात म्हणून गप्प बसला असाल, तर तुमचं नाव आम्ही विचारणार नाही. तुळजापुरात काकूंच्या खोलीचं दार उघडं आहे. फोटो आणा, आणि ती चिठ्ठी तुमच्या हातानं काढा.