आईची गोळी, माझं रक्त

मी बायोकेमिस्ट्री शिकलेली मुलगी आहे. भानामती, नजर, अंगात येणं... घरात हे विषय निघाले की मी उठून जाते. त्यामुळे हे इथे लिहिताना लाजच वाटतेय.

आम्ही नेरला राहतो. यवतमाळच्या एका लॅबमध्ये माझा प्रोजेक्ट चालू आहे. रोज एसटीने जाऊन-येऊन. विषय — प्लेटलेट्समधलं एक एन्झाइम. ते चालू असलं की प्लेटलेट्स चिकटतात, रक्ताची गुठळी होते. अ‍ॅस्पिरिन ते बंद पाडतं. आणि एकदा बंद पडलं की त्या प्लेटलेटमध्ये पुन्हा सुरू होत नाही. आठ-दहा दिवसांत नव्या प्लेटलेट्स येतात, तेव्हाच.

आईला हृदयात स्टेंट बसवलाय. त्यात गुठळी होऊ नये म्हणून ती रोज जेवणानंतर, माझ्यासमोर, अ‍ॅस्पिरिन घेते. म्हणून तिचं रक्त तपासलं आणि तुलनेसाठी माझं. मी ती गोळी कधीच घेतली नव्हती.

आईचं एन्झाइम चालू निघालं. माझं बंद.

"नळ्या बदलल्या असतील," सीनियर टेक्निशियन राठोड काका हसले. "इंग्लिश मीडियमवाल्याइले मराठी लेबल वाचता येते का?"

दुसऱ्यांदा रक्त त्यांनीच काढलं, नावंही त्यांनीच लिहिली. तेच आलं. या वेळी ते हसले नाहीत.

म्हणजे आईच्या स्टेंटला गोळीचा काही आधारच नव्हता. तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला, तर ते म्हणाले, "प्रोजेक्टच्या टेस्टवर औषधं बदलत नसतात."

मग मी कुणाला न सांगता रोज एक अ‍ॅस्पिरिन घ्यायला लागले. तिची गोळी मला लागू पडत असेल, तर माझी तिला पडेल, असं काहीतरी डोक्यात होतं. आईची गोळी चालूच होती.

"काहून वं, माह्या तोंडाकडे कायले पाहून राह्यली?" आई एकदा म्हणाली. "एवढ्यात नाही मरत मी!"

दहा दिवसांनी पुन्हा तपासलं. आईचं एन्झाइम पूर्ण बंद होतं.

काका म्हणतात, आधी मशीनच चुकलं. पण त्याच मशीनवर, त्याच दिवशी, बाकीची सॅम्पल्स बरोबर आली होती.

मागच्या आठवड्यात पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. आई गल्लीत पेढे वाटून मोकळी झाली. मी अजून होकार कळवलेला नाही. इथे आम्ही एका घरात आहोत. पुण्यात घेतलेली माझी गोळी नेरला पोचेल का, हे तपासून बघायची माझ्यात हिंमत नाही.