मागच्या चाकाचा पिस्टन

धडगावात आमचं घर चढावर आहे. वडील, म्हणजे आबा, उभा जन्म चांदसैली घाटात जीप चालवत होते. आता ते कोणालाच ओळखत नाहीत, मलाही नाही. पण ओट्यावरच्या खाटेवर बसले की उजवा पाय आपोआप दाबला जातो, सुटतो, पुन्हा दाबला जातो. त्यांचा घाट चालूच असतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना तळोद्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि कारचे मागचे ब्रेक खरखरत होते. गॅरेज बंद. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो आणि भर दुपारी चाक खोललं. ब्रेकचे नवे पॅड जाड, म्हणून त्यांना चाकाच्या तबकडीवर दाबणारा, बाहेर आलेला पिस्टन आधी आत बसवायला हवा. क्लॅम्प लावून दाबला. हलेना. जोर लावला की पाठीमागे खाट करकरायची. वळून पाहिलं, तर मी दाबत होतो तेव्हाच आबांचा पायही दाबत होता. मी थांबलो, तोही थांबला. लख्ख ऊन होतं, तरी मी घाबरलो.

"दाबू नको, फिराव," ते म्हणाले. नजर समोरच्या रिकाम्या रस्त्यावर.

पक्कडीची टोकं पिस्टनच्या तोंडावरच्या खाचांत अडकवून फिरवत दाबला, तर पिस्टन मुकाट आत गेला. दुसऱ्या बाजूचाही गेला.

सकाळी त्यांना शेजारी बसवलं. चाकाखालचा दगड काढायला मी उतरणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं. "पहिले पाय मार."

घाटातल्या ड्रायव्हरांची ही रीतच. गाडी हलण्याआधी ब्रेक तीनदा दाबून बघायचा. मी दाबला. पाय थेट तळाला गेला. आत बसवलेला पिस्टन ब्रेक दाबून दाबून पुन्हा पॅडपर्यंत आणावा लागतो, हे मी साफ विसरलो होतो. दगड काढून गाडी सोडली असती तर दोघंही उताराला लागलो असतो. बराच वेळ दाबत राहिलो, तेव्हा कुठे पायाखाली काही लागलं.

"आबा," मी त्यांचाच मुलगा असल्याचं सांगू पाहिलं, "मी तुमना पोऱ्या शे."

त्यांनी परक्याकडे बघावं तसं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. मन्हा पोऱ्या मांगे निजेल शे. गाडी धीरे चालाड."

मागची सीट रिकामी होती. तरी सबंध घाट मी गाडीला एकही झटका बसू दिला नाही.