गावठी धूर

हृदयात नवीकोरी जाळी (स्टेंट) घेऊन मी पुणं सोडलं. "धूर छातीतून रक्तात उतरतो, हृदयावर ताण येतो. पंधरा दिवस चांगल्या हवेत राहा," असं डॉक्टरांनी दटावलं होतं. बायकोने तीन मास्क दिले आणि ते घालायचे कसे हेही शिकवलं. जसं काही मला नाक कुठे असतं तेच ठाऊक नव्हतं!

जळगावला उतरून एसटीने थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या गावी निघालो. धरणगावच्या पुढे दोन्ही अंगांना कापूस वेचून झालेली शेतं आणि अशी झकास हवा, की मास्क खिशात गेला.

अक्काचे यजमान नाना दारातच गरजले, "भाऊ उनात, भरीत जोयजेच!" (भाऊ आलेत, भरीत हवंच.) इथे भरीत म्हणजे शेतात पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) पेटवून त्यात वांगी भाजायची. दुपार कलली तशी आग पेटली आणि पाहुण्याचा मान म्हणून माझी खाट तिच्या अगदी शेजारी आली. धूर थेट तोंडावर. मी खाट सरकवली, तर चौघांनी ती उचलून पुन्हा मानाच्या जागी ठेवली. मी वर बसलेलाच!

"नाना, डॉक्टर म्हणालेत..."

"आमना धूर गावठी शे, भाऊ. काय नही व्हस!" (आमचा धूर गावठी आहे, काही होत नाही.)

झालं! पुण्यात वाचलो आणि भरतापायी चाललो, असं वाटून मी जाम घाबरलो. पण मानाला नाही कसं म्हणायचं?

वांगी उलटण्याचा मान मात्र नानांचा. दर हिवाळ्यात धुरात तेच बसणार, दुसऱ्याला हात लावू देणार नाहीत. तेवढ्यात पाहिलं, तर थंडीतही त्यांच्या कपाळावर घाम. डावा हात चोळत होते.

"गॅस शे," ते म्हणाले.

जाळी बसण्याआधी मीही हेच म्हणालो होतो! मी खाटेवरून उडीच मारली. "अक्का, गाडी बोलाव! नाना, उठा!"

"बठ्ठं वांगं करपी जाई!" (सगळं वांगं करपेल.)

"करपू दे मेलं!" मी ओरडलो. त्यांना तसंच गाडीत घालून जळगाव गाठलं. नानांनाही जाळी बसली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. अक्का माझा हात सोडेना.

माझे पंधरा दिवस दवाखान्याच्या बाकावरच गेले. परतीच्या गाडीत बसतोय तोच नानांचा फोन.

"भाऊ, डाक्टर म्हने, धूरपासून दूर ऱ्हावा, हवा बदला."

"मग?"

"मंग पुणाले येऊ का?"

हसता हसता मला रडू फुटलं. "या नाना," म्हटलं, "मास्क शिल्लक आहेत."