सांगून जाणं

समुपदेशकाच्या खोलीत माझी लेक चार वर्षांच्या नातीला सांगते, "दोन मिनिटं बाहेर जाते, परत येते." नात रडते. लेक तरीही सांगूनच निघते, बाहेर आमच्या बाकाशी घड्याळ बघत उभी राहते. आईपासून दूर राहण्याची भीती अशी सरावाने घालवतात.

"एवढं नाटक!" माझी बहीण कुजबुजली. "दादा, तू तर ही लहान असताना हिला 'काऊ बघ' म्हणायचास आणि मागच्या मागे सटकायचास."

सटकायचो. फसवलेलं मूल मग प्रत्येक पाठीवर नजर ठेवतं. माझी लेक दिवसभर दाराशी बसायची आणि मी चारचौघांत तिला भित्री म्हणायचो.

"ती भित्री नव्हती. मी खोटारडा होतो," मी मोठ्याने म्हटलं.

"हळू बोल, ऐकेल ती."

"ऐकू दे. तिलाच सांगतोय."