त्यांची जपानी बाजू
घराचं गॅरेज आवरताना पांढरे सुती हातमोजे सापडले आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं तळघर आठवलं. मी घरातला पहिला पदवीधर. तिथल्या कामाचंही मला अप्रूप होतं. जपानी स्थलांतरितांचं एक जुनं, बंद पडलेलं वर्तमानपत्र आम्ही स्कॅन करत होतो. एका बाजूने उघडलं की जपानी, दुसऱ्या बाजूने त्यांच्या इथे, या देशात जन्मलेल्या मुलांसाठी इंग्रजी. एके दुपारी संपादकांची म्हातारी मुलगी आली. "मी फक्त माझी, इंग्रजी बाजू वाचली," त्या म्हणाल्या. दुसऱ्या महायुद्धात इथल्या सरकारने या लोकांना शत्रू समजून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं होतं. सुटल्यावर वडिलांनी पहिल्या अंकात काय लिहिलं, एवढंच त्यांना हवं होतं. घरी ते त्याबद्दल कधी बोललेच नव्हते. माझ्यासोबत काम करणाऱ्या टोकियोच्या मुलीने पान दोनदा वाचलं आणि चाचरत म्हणाली, "अंक पुन्हा सुरू झालाय. कोण कुठे राहायला गेलंय ते कृपया कळवा." "आणि?" "एवढंच आहे, मॅडम." त्या थकल्यासारखं हसल्या. "घरीही ते असेच. जेवलीस का, यापुढे कधी गेले नाहीत. तेच पुन्हा वाच, जपानीत." ती वाचत राहिली आणि एक शब्द न कळता त्या ऐकत राहिल्या. परवा मी आमच्या विहाराच्या मराठी अंकाचं संपादकीय लिहीत होतो. मुलगी डोकावली. "बाबा, व्हॉट डझ इट से?" ऑफिसच्या कामाने अंग आंबलं होतं, "काही विशेष नाही," असं ओठांवर आलं होतं. मग शेजारची खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बस, वाचून दाखवतो."