दुसऱ्यांदा बघणारे तोके

तोके घरातून निघतात ते नेहमी दोनदा. पहिल्यांदा दार ओढून कुलूप लावतात, जिने उतरून खाली येतात, फाटकाशी थबकतात आणि गॅस बंद केलाय ना ते बघायला पुन्हा वर चढतात. गॅस बंदच असतो. आजवर तो एकदाही चालू सापडलेला नाही. त्यांची बायको रौशन म्हणते, "एकदा तरी चालू राहू दे रे देवा, म्हणजे या माणसाच्या पायपिटीचं सार्थक होईल."

त्यांचं खरं नाव तोलेगेन. पण आमच्याकडे मान द्यायचा तर नाव आखूड करून त्याला 'के' लावायचा, त्यामुळे आमच्या अल्माटीच्या ऑफिसात ते सगळ्यांचे तोके. आमची कंपनी संगणकात बसवायची नेटवर्क कार्डं बनवते, आणि त्या कार्डांना लिनक्सशी बोलायला शिकवणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, तोके लिहितात. माझं टेबल त्यांच्या शेजारी. त्यांनी ऑफिसचा दिवा दोनदा बंद करणं, एकच ईमेल दोनदा उघडणं, चहात साखर घातली का हे दुसरा चमचा घालून तपासणं, हे सगळं मी रोज बघतो.

गेल्या वसंतात तोकेंनी एक मोठं काम हाती घेतलं. त्यांच्याच भाषेत सांगायचं तर असं: कार्डाकडे जाणाऱ्या माहितीच्या पुडक्यांसाठी एक गोल रांग असते. गोलात मांडलेल्या खुर्च्या समजा. एक जण पुडकी खुर्च्यांवर बसवत पुढे जातो. दुसरा त्याच्या मागून फिरत, ज्यांचं काम झालं त्यांना उठवत येतो. खुर्च्या संपल्या की बसवणाऱ्याने थांबायचं. खुर्च्या मोकळ्या झाल्या की उठवणाऱ्याने त्याला 'चल' म्हणायचं. झालं. पण जो तो ड्रायव्हर लिहिणारा हे 'थांब' आणि 'चल' आपापल्या मनाने लिहितो, आणि त्यातले बरेच जण चुकतात. तोकेंनी ठरवलं, आपण हे एकदाच नीट लिहायचं, चार छोटी फंक्शनं करायची, सोबत ती कशी वापरायची याची माहिती लिहायची, आणि सगळ्या जगाने तीच वापरायची.

त्यातल्या मुख्य फंक्शनचं नाव 'जमलं तर थांबव' अशा अर्थाचं होतं. ते तीन उत्तरं द्यायचं: थांबलो, थांबलोच नाही, किंवा थांबलो होतो, पण लगेच परत सुटलो.

रौशनने हे ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. "हे फंक्शन नाही, हा तू आहेस."

सगळा वाद त्या तिसऱ्या उत्तरावरून पेटला. तोकेंचा नियम असा, की रांग थांबवली रे थांबवली की लगेच वळून पुन्हा एकदा बघायचं, एवढ्यात जागा झाली का? झाली असेल तर आपणच परत सुरू करायचं. लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, हा भाग सांभाळणारा जर्मनीतला योआखिम नावाचा माणूस मात्र हटून बसला होता. तोके नवी आवृत्ती पाठवायचे, आणि त्याचं एका ओळीचं उत्तर यायचं: "दुसरी तपासणी कशाला? समजावून सांगा, नाहीतर काढून टाका." तोके माहितीत आणखी एक परिच्छेद घालायचे. योआखिम लिहायचा, "वाचलं. अजूनही कळलं नाही." सातव्या आवृत्तीपर्यंत कोड होता हाताएवढा आणि माहिती झाली होती अंगणाएवढी.

"तोके, काढून टाका ना ती तपासणी," मी एकदा म्हटलं. "गॅस काय कधी चालू सापडलाय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गुपचूप माझ्या स्क्रीनकडे वळलो.

त्यातच आमच्या डिरेक्टरसाहेबांचा धीर सुटला. "जगासाठी धर्मादाय पुष्कळ झालं, तोके," ते म्हणाले. "कर्नलवाले नवीन काम सोमवारपर्यंतच घेतात ना? सोमवारी तुमचं घेतलं तर ठीक. नाही घेतलं तर मंगळवारपासून तुम्ही कॅमेरे बसवणाऱ्या टोळीत." आणि बोलणं पोकळ वाटू नये म्हणून त्यांनी एक ॲल्युमिनियमची शिडी आणवून तोकेंच्या टेबलाला टेकवून ठेवली.

तोकेंना खुर्चीवर चढून बल्ब बदलला तरी भोवळ येते. पण खरी भीती उंचीची नव्हती. ते मला म्हणाले, "वीस वर्षं मी या रांगा बघतोय रे. दुसरं मला काही येत नाही, आणि दुसरं काही यावं असंही वाटत नाही." असं म्हणून त्यांनी शिडीकडे पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं.

रविवारी माहितीतलं इंग्रजी तपासायला मी त्यांच्या घरी गेलो, तर घरात मांस शिजल्याचा घमघमाट. तोकेंचे व्याही येणार होते. मुलाचं लग्न हिवाळ्यात झालं होतं, आणि सून अकमरल हिचे वडील ओरिनबेक लेकीचा संसार बघायला पहिल्यांदाच गावाहून येत होते. सोबत गाडीभर नातेवाईक. रौशनने माझ्या हातातला लॅपटॉप काढून कपाटात ठेवला आणि मलाही जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाशी बसवलं.

मग ती नवऱ्याकडे वळली. रौशन रागावण्याच्या बेतात असली की त्याला 'घरधनी' म्हणते.

"ऐका घरधनी. आज अकमरल चहा ओतणार. तुम्ही तिच्या शेजारी बसून कप पुढे द्यायचे. पण तिच्या ट्रेकडे वळून वळून बघायचं नाही."

"मी कुठे बघतो?"

"तुम्ही सगळीकडेच बघता. दोनदा. सासरा सुनेच्या हाताकडे टक लावून बसलाय असं तिच्या वडिलांना दिसलं, तर त्यांना वाटेल हे खोट काढताहेत. शब्द द्या."

तोकेंनी शब्द दिला.

आमच्याकडे चहा म्हणजे फेरी असते. कप अर्धाच भरायचा. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ 'आता निघा.' त्यामुळे कप सारखे रिकामे होतात, हातोहात ओतणारीकडे येतात, दुसऱ्या बाजूने भरून परत जातात. अकमरल चहाचं पाणी उकळणाऱ्या सामोवाराशी बसली होती. तिच्यापुढचा ट्रे लहान. म्हणून तोकेंनी आधीच पद्धत लावून दिली होती: ट्रे भरला की ते हात वर करणार आणि पाहुण्यांनी कप पाठवणं थांबवायचं. ट्रे मोकळा झाला की अकमरल मान हलवणार आणि तोके हात खाली घेणार.

पहिल्या दोन फेऱ्या झकास झाल्या. ओरिनबेक खूश होते. "काय वेग आहे, व्याही! आमच्याकडे एका कपात कोकरू मोठं होतं."

तिसऱ्या फेरीला ट्रे भरला. तोके पाहुण्यांकडे वळले, हात वर केला आणि म्हणाले, "जरा दम धरा."

नेमक्या त्या क्षणी, त्यांची पाठ असताना, अकमरलने शेवटचे कप सटासट भरले, पलीकडे सरकवले आणि मान हलवली. पोरीचा हात भलताच चपळ. पण तोकेंना ते दिसलं नाही. एरवी त्यांनी हात वर केल्याबरोबर मागे वळून बघितलं असतं. आज शब्द दिला होता. ते समोर बघत बसले, मान हलण्याची वाट बघत. मान तर हलून गेली होती.

अकमरल कपांची वाट बघत बसली. वडीलधाऱ्यांसमोर सुनेने सासऱ्याला हाक मारायची नसते, म्हणून ती शालीनपणे सामोवाराकडे बघत राहिली. पाहुणे तोकेंच्या हाताकडे बघत राहिले. यजमानाने दम धरा म्हटल्यावर चहा मागणं बरं दिसत नाही. पलीकडे गेलेले कपही पिऊन झाले. सामोवार फुरफुरत होता. कोणीतरी खोकलं. कोणीतरी तळलेल्या बाउरसाक पावाचा तुकडा उचलला आणि तो चावताना आवाज होतोय म्हणून तोंडातच धरून ठेवला.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, तोकेंचा हात आखडलाय.

ओरिनबेकांनी रिकाम्या कपात डोकावून पाहिलं. मग ते शेजारच्याला हळूच म्हणाले, "शहरात बहुतेक एवढंच असतं."

"मांस नाही?"

"वास तर येतोय. शेजाऱ्यांकडचा असेल."

आणि समजूतदार माणूस करतो तेच त्यांनी केलं. दोन्ही तळवे वर उचलले आणि जेवण संपल्याचा आशीर्वाद द्यायला सुरुवात केली. ज्येष्ठाने तळवे उचलले की सगळ्यांनी उचलायचे. सगळ्यांनी उचलले. तोकेंचा एक आधीच वर होता, त्यांनी दुसरा जोडला. एकदा 'आमिन' झालं की उठायचं. त्यानंतर मांस वाढलं तर ते खायला कोणी बसत नाही.

एवढ्यात रौशन मांसाच्या बेशबरमाकची परात घेऊन दारात आली आणि तिथेच गोठली. परातीतून वाफ निघत होती. ओरिनबेक डोळे मिटून मेंढरांपर्यंत पोचले होते, मेंढरांनंतर घोडे, घोड्यांनंतर नातवंडं, आणि मग आमिन.

रौशन आवाज न करता ओठांनी नवऱ्याला म्हणाली, "बघ!"

तोकेंनी वळून बघितलं. ट्रे लख्ख मोकळा.

"रिकामा आहे!" ते ओरडले. "कधीचा रिकामा आहे! व्याही, आशीर्वाद थांबवा!"

आमच्या आठवणीत कोणी आशीर्वाद थांबवलेला नाही. ओरिनबेकांनी एक डोळा उघडला. त्यांचे हात हवेतच होते. "मी घोड्यांवर आहे. थांबवू की पूर्ण करू?"

"थांबवा! म्हणजे, थांबवा, पण परत सुरू करा. मांसानंतर."

ओरिनबेकांनी परातीकडे पाहिलं, घोड्याच्या सॉसेजच्या चकत्या पाहिल्या आणि हात मांडीवर ठेवले. "घोडे थांबतील," ते म्हणाले.

मग जी बाचाबाची झाली ती ऐकण्यासारखी होती.

"मी मान हलवली होती, अता," अकमरल सासऱ्याला हळूच म्हणाली.

"मी पाहुण्यांकडे हात केला होता बेटा, मला दिसली नाही."

"म्हणजे माझ्या पोरीची चूक?" ओरिनबेक.

"छे! तिने बरोबर केलं."

"मग तुमची?"

"मीही बरोबरच केलं. ट्रे भरलेला बघितला, थांबवलं."

"दोघांनीही बरोबर केलं, आणि आम्ही उपाशी घरी निघालो होतो!"

तोके उत्तर द्यायला गेले. मध्येच त्यांनी माझा दंड धरला. "अरे, मी सात वेळा योआखिमला नियम सांगितला. नियम मोडला तर काय होतं हे एकदाही नाही सांगितलं."

"आधी जेवा," रौशन म्हणाली.

जेवले. उरलेला आशीर्वाद झाला, घोड्यांपासून पुढे. मग रौशनने स्वतः कपाटातून लॅपटॉप काढून दिला. तोकेंनी अंगणाएवढी माहिती खोडली आणि तिथे दोन रकाने केले. डावीकडे बसवणारा काय करतो, उजवीकडे उठवणारा काय करतो, वरून खाली त्याच क्रमाने. डावीकडे: रांग भरलेली दिसली. उजवीकडे: सगळ्या जागा मोकळ्या केल्या, रांग चालूच आहे असं दिसलं म्हणून हाक मारायची गरज वाटली नाही. डावीकडे: रांग थांबवली. मग दोन्हीकडे: वाट बघतोय.

"मी मान हलवली होती पण," अकमरल खांद्यावरून वाचत म्हणाली. "याने तर हाकच मारली नाही."

"कोणाला न दिसलेली हाक आणि न मारलेली हाक, रांगेला सारखीच," तोके म्हणाले.

ओरिनबेकांनी विचारलं, "यात मी कुठे आहे?"

"तुम्ही पुडकं आहात, व्याही."

"असू दे. पण मांसाचं लिही. मांसाशिवाय कळायचं नाही."

तोकेंनी शेवटी एक ओळ घातली: दोघेही चुकलेले नसतात, आणि मांस थंड होतं. आठवी आवृत्ती व्याह्यांसमक्ष रवाना झाली.

सोमवारी दुपारी योआखिमचं उत्तर आलं. या वेळी तीन ओळी होत्या. "आता कळलं. दुसरी तपासणी राहू द्या. काम घेतो आहे, मांसाचं वाक्य मी काढलं."

ऑफिसात एकच गलका झाला. डिरेक्टरसाहेबांनी तोकेंना मिठी मारली आणि "आता सगळ्यांना जेवायला नेतो" अशी घोषणा केली. मी शिडी उचलून भांडाराकडे निघालो. तोकेंनी लॅपटॉप मिटला, कोट चढवला, दिवा दोनदा बंद केला. आम्ही सगळे लिफ्टशी पोचलो. लिफ्ट आली. तोके थबकले.

"झालं," साहेब म्हणाले. "आता काय? गॅस?"

"ईमेल," तोके म्हणाले आणि परत फिरले.

नवीन ईमेल आलं होतं. पाठवणारा माणूस नव्हता, पाठवलेलं काम आपोआप तपासणारा प्रोग्राम होता. माहितीतल्या मथळ्याखाली मारलेली रेघ मथळ्यापेक्षा एका खुणेने आखूड होती, त्यामुळे माहितीचं पान बनत नव्हतं. खाली योआखिमची ओळ: "नवीन कामाचं दार तासाभरात बंद करतोय. दुरुस्ती आली नाही तर पुढच्या खेपेला बघू."

तोकेंनी रेघेत एक खूण वाढवली आणि पाठवली. "पोचली," असं उत्तर येईपर्यंत आम्ही लिफ्टचं दार धरून उभे होतो. लिफ्ट सारखी चिरकत होती. मी शिडी हातात तशीच धरून ठेवली होती.

तोके आले. लिफ्टमध्ये एक पाय ठेवला, आणि पुन्हा थबकले.

"जा," डिरेक्टरसाहेब म्हणाले. "बघून या."